बायबल घ्यायचंय? आधी टेप आणा

अभ्यासाचं, टीपांसकट कॅथलिक बायबल घ्यायचं तुम्ही मनावर घेतलंय म्हणता? मग आधी टेप आणा आणि घरातल्या आल्तारची, म्हणजे देव्हाऱ्याची, रुंदी मोजा. वेलंकणी मातेची मूर्ती आणि लाल बल्बची मेणबत्ती यांच्या मधे जेवढी जागा उरेल, तेवढ्या मापाचं बायबल घ्यायचं. टीपा, नकाशे, प्रस्तावना हे नंतरचं, किंवा कधीचंच नाही. एकदा ते चेनवाल्या कव्हरात घातलं आणि चेन ओढली, की आत काय छापलंय याच्याशी आपला संबंध संपतो. आमच्या घरच्या अशाच एका प्रतीत मला झावळीचा वाळका क्रूस, दोन पासपोर्ट फोटो, गॅसची पावती आणि काकांच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती. काकांना आता नातू आहे.

आत पुस्तकं किती आहेत हे मोजायच्या भानगडीत पडू नका. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ असतात, कॅथलिक प्रतीत ७३. ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५४६ साली यादी पक्की केली, पण सात पुस्तकांसाठी कोण घासाघीस करतो? ६६वालं स्वस्त मिळालं तर तेच उचला. मग दर २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं वाहा, मेणबत्त्या लावा, आजोबांच्या नावाने मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) सांगा. लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी प्रार्थना आणि अर्पण करवतो तो प्रसंग मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात आहे, आणि ते पुस्तक तुमच्या घरात नाही, हे आजोबा काही कोणाला सांगायला येणार नाहीत.

टोबीतचं पुस्तक तर मासळी खाणाऱ्या माणसाने टाळलेलंच बरं. त्यात देवदूत एका पोराला नदीतला मासा पकडायला लावतो, त्याचं पित्त राखून ठेव म्हणतो, आणि पुढे त्याच पित्ताने आंधळ्या बापाला दिसू लागतं. शिवाय या सगळ्या प्रवासात एक कुत्रा काहीही कारण नसताना मागे मागे चालत असतो. इतकं रंजक पुस्तक घरात असलं तर पोरं वाचतील.

आता टीपांकडे वळू. कॅथलिकांचा कायदाच विचित्र आहे. लोकभाषेतल्या बायबलला धर्माधिकाऱ्यांची मान्यता हवी आणि आवश्यक तेवढ्या टीपाही हव्यात, असं चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन ८२५, सांगतं. छापणाऱ्यावर सक्ती आहे. वाचणाऱ्यावर मात्र नाही, आणि या सवलतीचा आपण पिढ्यान्‌पिढ्या मनापासून लाभ घेत आलो आहोत.

तरी टीपा हव्याच असतील, तर ज्या तुमच्या आधीच्या मताला मान डोलावतील त्याच घ्या. अमेरिकेतल्या बिशपांची ‘न्यू अमेरिकन बायबल’ची २०११ची सुधारित आवृत्ती उघडलीत, तर तळटीपा हा मजकूर कधीचा, कोणत्या परंपरेतला, कोणी जोडला, असं बोलू लागतात. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला सृष्टीच्या दोन वेगवेगळ्या कथा शेजारी ठेवल्यात, हे पहिल्याच बैठकीत कळतं. जेवण गोड लागत नाही. उलट स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांचं ‘इग्नेशियस’ अभ्यास-बायबल घेतलंत (नवा करार २०१०मध्ये आला, सगळं एकत्र २०२४मध्ये), तर तिथे धर्मपिते, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतले धर्मपंडित, भेटतात, धर्मशिक्षण भेटतं, जुन्या कराराचे धागे नव्यात कुठे येतात ते दिसतं. पहिलं विद्वानांना आवडतं, दुसरं भाविकांना, आणि दोघेही एकमेकांचं उघडत नाहीत. हा समतोल तुम्ही बिघडवू नका.

समजा, यशया ७:१४, म्हणजे पुत्राला जन्म देणार ती कोण ते सांगणारं वचन. अमेरिकन प्रतीत तिथे ‘तरुणी’ आहे, इग्नेशियसच्या प्रतीत ‘कुमारी’. एवढ्यावर नाताळच्या जेवणात तासभर भांडता येतं. पण दोन्ही प्रती शेजारी ठेवून खालचं वाचलंत तर घोटाळा होतो. हिब्रू शब्द ‘अल्मा’ म्हणजे तरुण मुलगी. शुभवर्तमानकार मत्तय उद्धृत करतो त्या ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी. शब्द दोन का, हे एकदा कळलं की भांडायला जोर येत नाही. म्हणून प्रत एकच ठेवा.

भाषांतरावरून भांडायची आपली परंपरा काही आजची नाही. इसवी सन ४०३च्या सुमारास आजच्या त्रिपोलीतल्या बिशपांनी संत जेरोमचं नवं लॅटिन भाषांतर चर्चमध्ये वाचायला घेतलं. बायबलमधल्या योना संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणारा वेल लोकांच्या कानात वर्षानुवर्षं भोपळ्याचा होता. जेरोमने तो आयव्ही नावाच्या दुसऱ्याच वेलीचा केला होता. असा गदारोळ उठला की बिशपांवर मंडळी गमावायची पाळी आली, आणि संत ऑगस्टिनने पत्र लिहून ही तक्रार जेरोमच्या कानावर घातली. आजच्या बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते झाड होतं एरंडाचं. म्हणजे एरंडाचं गुऱ्हाळ आपल्या ख्रिस्तसभेत सोळाशे वर्षं चालू आहे, आणि तेही शब्दशः.

आणखी एक पथ्य. इंग्रजी मिस्सेत वाचतात तेच भाषांतर चुकूनही घेऊ नका. भारतात ५ एप्रिल २०२०पासून, झावळ्यांच्या रविवारपासून, इंग्रजी वाचनांना ‘ईएसव्ही’ (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) या भाषांतराची कॅथलिक आवृत्ती आली. टाळेबंदीत बाक रिकामे होते, त्यामुळे बदल फारसा कोणाला खुपला नाही. पण तुम्ही तीच प्रत घेतलीत तर रविवारी कानावर पडलेलं संध्याकाळी घरी डोळ्यांना सापडेल. नसती आफत. त्यापेक्षा १६०९-१०मध्ये पूर्ण झालेल्या डुए-ऱ्हीम्सच्या वळणाचं जुनं इंग्रजी बरं. कळत नाही, त्यामुळे पवित्र वाटतं.

मराठी तर नकोच. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आपल्या ग्रंथाला ‘सुबोध बायबल’ असं नाव देऊन धोका आधीच जाहीर केला आहे. आजीच्या हाती ते पडलं तर आजीला कळेल, आणि आजीला कळलं तर ती प्रवचनानंतर फादरना गाठून प्रश्न विचारेल. फादर स्टीफन्सनीही १६१६मध्ये गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत छापून हीच आगळीक केली होती. लोक ते गाऊ लागले! मुंबईहून २००८मध्ये निघालेल्या ‘न्यू कम्युनिटी बायबल’मध्ये मरियेला साडी नेसवली होती आणि टीपांतून गीता-उपनिषदांचे दाखले दिले होते. त्यावर काही श्रद्धाळू बिथरले आणि २०११मध्ये सुधारित आवृत्ती काढावी लागली. बिथरलेल्यांपैकी किती जणी मिस्सेला साडी नेसून येत असतील, हे मी विचारत नाही.

शेवटचं म्हणजे दुकानात पुस्तक उघडू नका. वजन बघा, कडेचा सोनेरी रंग बोटाला लागतो का बघा, आणि पैसे द्या. काउंटरवरच्या सिस्टर कधीकधी दगा देतात. ‘इथलं वाचून बघा’ म्हणत योनाचा चौथा अध्याय पुढे करतात. अकरा वचनं तर आहेत, म्हणून तुम्ही उभ्याउभ्या वाचायला घेता. हा संदेष्टा लोकांचा जीव वाचला म्हणून का रुसलाय, हे कळेना म्हणून खालची टीप बघता. टीप मागच्या अध्यायात पाठवते, मागचा अध्याय त्याच्या मागच्यात. सिस्टर अर्धं शटर ओढून पंखा बंद करतात. आणि कव्हर चेनवालं आहे का, हे विचारायचं राहूनच जातं.