खपलीला हात लावू नका: वाळपईच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सशाच्या कानातल्या खरजेचा मी उगाच बाऊ केला. तुमच्या घरी खपली काढून कोमट करंजेल सोडत आणि ससे बरे होत. तेवढ्याने भागलं नाही तर कोविडच्या वेळची आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जंत-किडे मारणाऱ्या औषधाची, पाव गोळी चारावी, नाहीतर कुत्र्याच्या मानेवर सोडतात ते पिसवांचं औषध दोन थेंब लावावं. डॉक्टर गुरांचे, त्यांना सशातलं काय कळणार?

करंजेलाबद्दल तुम्ही खोटं बोलत नाही. तेलात खरजेचे काही किडे गुदमरतात, खपली मऊ पडते. माझा विरोध आहे तो ‘खपली काढून’ या दोन शब्दांना.

गेल्या श्रावणात आमच्या भुरूच्या उजव्या कानात भिजवलेले पोहे थरावर थर वाळावेत तशी खपली धरली होती. एका दुकानात सांगितलं म्हणून मी ती चिमट्याने ओढली. खाली कातडी नव्हतीच, ओलं लाल मांस होतं. भुरू किंचाळला. ससा किंचाळतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या रात्री त्याने गवताला तोंड लावलं नाही आणि सकाळी पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दुखण्यामुळे त्याने अर्धा दिवस खाणं सोडलं तरी ते थांबू लागतं आणि जीव त्यातच जातो. भुरू वाचला, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

डाव्या कानाला मग कोणी हात लावला नाही. डॉक्टरांनी कातडीखाली आयव्हरमेक्टिनचीच मोजून सुई दिली आणि बाराव्या दिवशी अख्खी खपली आपोआप वर्तमानपत्रावर पडलेली मिळाली. आत गुलाबी कातडी, वर बारीक लव. पडलेल्या खपलीचा तुकडा मी ओसरीवर उन्हात काळ्या कागदावर ठेवून पाहिला. दोन पांढरे ठिपके अजून सरकत होते. म्हणून तर दुसरी सुई लागते. औषधाने अंडी मरत नाहीत, त्यातून बाहेर येणाऱ्यांसाठी दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा टोचावं लागतं. घरातल्या सगळ्या सशांना एकदमच. पिंजराही धुऊन उन्हात वाळवायचा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत हे किडे सशाच्या अंगाबाहेरही बरेच दिवस तग धरतात.

आता गोळीचं. मे २०२१ मध्ये आपल्या गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी १२ मिलीग्रॅमच्या गोळ्या जाहीर केल्या तेव्हा आमच्याही घरी एक पट्टी आली होती. हिशेब मांडू. सशाला किलोमागे साधारण ०.२ ते ०.४ मिलीग्रॅम देतात. दीड किलोच्या सशाला झालं ०.३ ते ०.६. तुमच्या पाव गोळीत ३ मिलीग्रॅम, म्हणजे पाचपट ते दहापट. गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलीत १० मिलीग्रॅम असतं. तेव्हा सशाच्या वाट्याला ०.०३ ते ०.०६ मिली, एक बारीकसा थेंब. तो अंदाजाने काढायचा नसतो, काका.

कुत्र्याच्या औषधाबद्दल मात्र हात जोडून सांगते. पाकिटावर फिप्रोनिल लिहिलेलं असेल तर ते सशाजवळ नेऊ नका. कुत्र्याला चालतं त्याच औषधाने ससा झटके येऊन मरतो.

डॉक्टरांचं तुमचं म्हणणं खरं आहे. आपल्या बाजूला ससा घेऊन येणारे कमीच, त्यामुळे त्यांचा हातही गुरांवर नि कुत्र्यांवर बसलेला. म्हणून आपणच तयारीने जावं. मी भुरूला टोपलीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि आकडा लिहून नेते. सशाला उपाशी नेत नाही. पोटातून पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देऊ नका, हे डॉक्टरांना आधीच सांगते. त्याने सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. डॉक्टरांनी याचा कधी राग मानला नाही.

शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीत, की धाकट्या सशाची मान तीन दिवसांपासून एका बाजूला कलली आहे आणि कान मात्र स्वच्छ आहे. मला सगळ्यात काळजी त्या ओळीची वाटली. ही खरूज नसावी. कानाच्या आतल्या भागात पू झाला असेल, किंवा एन्सेफॅलिटोझून नावाचा सूक्ष्म जीव मेंदूपर्यंत गेला असेल. तो मूत्रातून पसरतो, त्यावर फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध रोज, सलग २८ दिवस देतात. तेल, गोळी काही घालू नका. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा, म्हणजे तो गडगडणार नाही. ओलं गवत तोंडाशी धरा, पिंजरा हाताळल्यावर हात धुवा आणि उद्या सकाळीच घेऊन निघा. वजन किती भरलं आणि डॉक्टर काय म्हणाले, ते इथेच लिहा. मी वाट बघतेय.