नेओमीची उडी आणि ते १५ सेकंद

(स्पॉयलर आहेत. 'द एक्स्पान्स' या विज्ञानकथा मालिकेचा पाचवा सीझन बघायचा राहिला असेल तर आधी तो बघा, मग हे वाचा.)

पाचव्या सीझनचा सातवा भाग, 'ओयेडेंग', १३ जानेवारी २०२१ ला आला. बेल्टर, म्हणजे मालिकेतल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणाऱ्या लोकांच्या बोलीत हा निरोपाचा शब्द. भागाच्या शेवटी नायिका नेओमी नागाटा स्पेससूट न घालता, फक्त एका ऑक्सिजनच्या इंजेक्शनच्या भरवशावर, 'पेला' जहाजाच्या एअरलॉकमधून (बाहेर पडायच्या दोन दारांच्या हवाबंद खोलीतून) झेपावते आणि मोकळ्या अवकाशातून समोरचं 'चेट्झेमोका' जहाज गाठते. तिला अडवायला एअरलॉकमध्ये शिरलेला 'पेला'वरचा सिन मरतो. ती वाचते.

हा भाग बघितलेल्यांशी बोललं की तीन आक्षेप हमखास येतात. ती फुटली कशी नाही? गोठली कशी नाही? आणि सिन मेला तर ती कशी वाचली? पहिले दोन आक्षेप साफ चुकीचे आहेत. तिसरा फार चांगला आहे. आणि ज्या गोष्टीवर खरंच बोट ठेवायला हवं, त्या इंजेक्शनबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

आधी फुटण्याचं बघू. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांवर उकळत नाही, आणखी तापतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे ते ९५-९६ अंशांवरच उकळतं. हेच आणखी वर नेत राहा. साधारण १९ किलोमीटर उंचीवर दाब इतका उतरतो की पाणी ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगातल्या उष्णतेवरच उकळायला लागतं. पण रक्त काही उघड्या पातेल्यात नसतं. ते नसांमध्ये कोंडलेलं असतं, नसांवर स्नायू, स्नायूंवर त्वचा, आणि त्वचा चांगलीच चिवट असते. त्यामुळे काय होतं, तर मऊ भागांत आणि शिरांमध्ये वाफ धरते आणि अंग सुजतं. भरपूर सुजतं, पण फुटत नाही. १६ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकी हवाई दलाचा जोसेफ किटिंजर बलूनमधून ३१ किलोमीटरवर गेला तेव्हा त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला. हात सुजला, निकामी झाला, पुष्कळ दुखला. खाली उतरल्यावर काही तासांत तो पूर्ववत झाला. डोकी फुटणारी माणसं आपण जुन्या सिनेमांत बघितली आहेत आणि तीच डोक्यात बसली आहेत.

गोठण्याचं तर याहून सोपं. घरातल्या थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात असतो, म्हणूनच चहा तासन्‌तास गरम राहतो. हवा नाही, पाणी नाही, तर अंगातली उष्णता ओढून नेणार कोण? उरतं फक्त प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात उष्णता बाहेर पडणं. त्वचा ३३ अंशांवर आणि अंगाचं क्षेत्रफळ १.७ चौरस मीटर धरलं, बाहेरून उष्णता अजिबात येत नाही असंही धरलं, तर शरीर जास्तीत जास्त ८५० वॅटच्या आसपास उष्णता गमावेल. ६० किलोच्या माणसाचं तापमान एका अंशाने उतरायला साधारण २१० किलोज्यूल जावे लागतात. म्हणजे एका अंशाला चार मिनिटं! थंड पडतात त्या फक्त ओल्या जागा: जीभ, नाकाचं आतलं अस्तर, डोळे. तिथलं पाणी उकळून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं.

मग मारतं काय? एक म्हणजे श्वास रोखून धरणं. फुप्फुसांतल्या आणि बाहेरच्या दाबात पाऱ्याचे १०० मिलिमीटर फरक पडला तरी फुप्फुसं फाटू शकतात, आणि इथे फरक असतो त्याच्या सातपट. म्हणून दार उघडण्याआधी तोंड उघडं ठेवून सगळा श्वास सोडून द्यायचा. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, छाती भरून घेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शुद्ध, आणि या प्रसंगाचा सगळा जीव तिच्यात आहे. पाण्याखाली आपण मिनिटभर सहज श्वास रोखतो, कारण फुप्फुसांत हवा असते आणि रक्त तिच्यातून ऑक्सिजन घेत राहतं. निर्वातात ही देवाणघेवाण उलटी होते. फुप्फुसांत ऑक्सिजनचा दाब शून्य, म्हणून तिथे आलेलं रक्त होता-नव्हता तो ऑक्सिजनही तिथेच टाकून देतं आणि मोकळंच मेंदूकडे निघतं. ते तिथे पोचायला दहाएक सेकंद लागतात. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लां नावाचा तंत्रज्ञ सूटची चाचणी देत असताना त्याची दाबाची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत तो कोसळला. जिभेवरची लाळ बुडबुडल्यासारखी वाटली, ही त्याची शेवटची आठवण. कक्षात घाईने हवा भरली आणि तो शुद्धीवर आला.

म्हणजे माणूस जगतो किती आणि शुद्धीवर राहतो किती, हे दोन वेगळे हिशेब आहेत. साठच्या दशकात अमेरिकी हवाई दलाने कुत्र्यांवर प्रयोग केले. ९० सेकंदांच्या आत दाब परत दिला तर ते बहुतेक वाचले, दोन मिनिटांवर गेले की बरेच दगावले. जगायला दीड मिनिट मिळतं. हात चालवायला मात्र १०-१५ सेकंदच. लब्लांच्या बाबतीत झडप फिरवायला बाहेर माणसं होती. नेओमीला कोण आहे? समोरचं जहाज रिकामं आहे. तिथला एअरलॉक तिलाच उघडायचा आहे, आत शिरून दार तिलाच लावायचं आहे आणि हवाही तिलाच सोडायची आहे.

हा १५ सेकंदांचा हिशेब किती क्रूर असतो हे ३० जून १९७१ ला सोयुझ ११ या सोव्हिएत अंतराळयानात दिसलं. परतताना १६८ किलोमीटर उंचीवर दाब समतोल करणारी झडप अवेळी उघडली. आत दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह होते, अंगावर प्रेशर सूट नव्हते. झडप हाताने बंद करायची सोय होती, पण त्याला जवळपास मिनिटभर लागणार होतं. तेवढा वेळ शुद्ध टिकली नाही. तिघेही गेले. त्यांची शरीरं फुटलेली नव्हती, गोठलेलीही नव्हती.

'द एक्स्पान्स'च्या लेखकांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते इंजेक्शन कथेत आलं. मालिकेचा सूत्रधार नरेन शंकर कॉर्नेलमधून अप्लाइड फिजिक्सची पीएच.डी. घेतलेला माणूस आहे. नेओमी जादा ऑक्सिजन भरलेल्या रक्ताचं इंजेक्शन टोचून घेते, कारण तिला शुद्धीची मुदत वाढवायची आहे. आजार अचूक ओळखला आहे. माझी हरकत डोसला आहे.

मुठीत मावणाऱ्या इंजेक्शनमध्ये २० मिली द्रव धरू. साध्या ताज्या रक्ताच्या १०० मिलीत २० मिली ऑक्सिजन असतो, म्हणजे २० मिलीत फक्त ४ मिली. एकट्या मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली लागतो. झाले पाच सेकंद. धमन्यांतलं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यामुळे त्यात आणखी कोंबायला जागा नाही. दुसरा वाहक हवा. तसा तो प्रयोगशाळेत झालेलाही आहे: २०१२ मध्ये बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या जॉन खेर यांच्या गटाने स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांमध्ये ऑक्सिजन भरला आणि श्वासमार्ग बंद केलेले ससे १५ मिनिटांपर्यंत जगवले. त्या मिश्रणाच्या १०० मिलीत ५० ते ९० मिली ऑक्सिजन मावतो. हेच २० मिली टोचलं तर जास्तीत जास्त १८ मिली ऑक्सिजन, मेंदूपुरते वीसेक सेकंद. पण इंजेक्शन फक्त मेंदूला मिळत नाही. सगळ्या अंगाला, स्वस्थ बसलेलं असतानासुद्धा, मिनिटाला २५० मिली लागतो. चारच सेकंद उरले.

आणि त्याहून मोठी अडचण रस्त्याची आहे. शिरेत टोचलेलं औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून थेट फुप्फुसांत. म्हणजे जिथे ऑक्सिजन लुटला जातो, तेच त्याचं पहिलं स्टेशन. सश्यांच्या फुप्फुसांत निर्वात नव्हता, इथे आहे. यातून वाट एकच दिसते. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून रक्त एका सेकंदाच्या आत पार होतं, तेवढ्यात ऑक्सिजन न सोडणारा, जरा सावकाश मोकळा होणारा वाहक पाहिजे. पण मेंदूतही रक्त फार रेंगाळत नाही, तेव्हा तिथे त्याने वेळेत मोकळं व्हायला हवं. कथेतल्या काळात असं औषध निघालं असेल असं मी मान्य करते. फक्त ते डोळे मिटून मान्य करू नये, काय मान्य करतोय ते ठाऊक असावं.

उडीबद्दल थोडं. दोन्ही जहाजांची इंजिनं बंद हवीत. एक दशांश जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहाव्या भागाइतका जरी प्रवेग असेल तरी १० सेकंदांत जहाज ४९ मीटर सरकतं, मग कसली उडी. जमिनीवर ४० सेंटीमीटर उंच उडणारा माणूस पायाच्या रेट्याने सेकंदाला २.८ मीटर वेग घेतो. म्हणजे शुद्धीच्या १५ सेकंदांत ४२ मीटर, आणि तेसुद्धा दार उघडायला वेळ न ठेवता. नेम एका अंशाने चुकला तर ५० मीटरवर जवळपास ९० सेंटीमीटरचा फरक पडतो, तो हात लांबवून भरून काढता येईल. पाच अंशांनी चुकला तर साडेचार मीटर, आणि मग थांबायला काहीच नाही. रेटा शरीराच्या मध्यातून गेला नाही तर माणूस कोलांट्या खात जातो, त्या थांबवायलाही काही नाही. त्यामुळे तिने बघून, नेम धरून, दोन्ही पायांनी रेटा देणं, हा सगळा भाग मला फार नीट केलेला वाटतो.

आता सिन. त्याच एअरलॉकमध्ये, त्याच क्षणी दोघांना निर्वात मिळतो. ती तयारीने आलेली आहे, इंजेक्शन जवळ आहे. तो तिला धरायला आलाय, त्याच्या मनात निर्वात नाहीच. पण खरा फरक पुढचा आहे: तिला मिनिटभरात दुसऱ्या बाजूला दाब मिळाला, त्याला कुणी दिला नाही. त्याच ९० सेकंदांत 'पेला'चं बाहेरचं दार लावून आत हवा सोडली असती तर तोही बहुधा वाचला असता. कानांचे पडदे फाटले असते, फुप्फुसांचं काय झालं असतं ते श्वास रोखला होता की नाही यावर. मला त्या प्रसंगात सर्वांत जास्त लागतं ते हेच.

पुढचा भाग, 'हार्ड व्हॅक्यूम', पुष्कळांना संथ वाटला. मला तो सबंध सीझनचा सर्वोत्तम भाग वाटतो. 'चेट्झेमोका'वरून जाणारा खोटा मदतीचा संदेश वायर तोडून थांबवायला, हवेची टाकी नसलेला सूट घालून ती जहाजाच्या निर्वात भागात पुन्हा पुन्हा जाते. सूटमध्ये शरीराभोवती ४० लिटर हवा धरा. काम करणारं शरीर मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन घेतं आणि जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. ऑक्सिजन २१ वरून १० टक्क्यांवर यायला चार मिनिटांच्या वर लागतील. पण कार्बन डायऑक्साइड दोनच मिनिटांत ५ टक्क्यांवर जातो, आणि धाप, डोकेदुखी, गरगर तिथूनच सुरू होते. म्हणजे एका खेपेला दोन-तीन मिनिटं, त्यातली निम्मी जाण्यायेण्यात. उरलेल्या मिनिटभरात एखादी वायर शोधायची, किंवा सापडलेली तोडायची. दोन्ही एका खेपेत होत नाही.