'नांवान' म्हणतात, 'नांवांनी' नव्हे

आमच्या म्हापशाकडच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मजकूर आला: 'त्रैक्य बायबलात नाही. ३२५ साली कॉन्स्टंटाईन बादशहाने नायसियात मतदान घेऊन येशूला देव ठरवले. ख्रिस्ती लोक तीन देव पुजतात, म्हणजे आपले ब्रह्मा-विष्णू-महेशच.' मी हिंदू. चर्चची वकिली मला करायची नाही, पण चूक ती चूक.

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण. तो शब्द बायबलात नाही, हे मान्य. मात्र 'त्रिनितास' हा त्यासाठीचा लॅटिन शब्द कार्थेजच्या तेर्तुलियन ह्या ख्रिस्ती लेखकाने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरला होता, नायसियाच्या शंभरेक वर्षे आधी.

मतदानाची गोष्ट सगळ्यांत लाडकी आणि सगळ्यांत कच्ची. सुमारे ११२ साली बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. प्लिनी ख्रिस्ती नव्हे, उलट त्यांना शिक्षा देणारा. गंमत म्हणजे नायसिया ह्याच बिथिनियातले. तिथे बिशपांची सभा भरली ती दोनशे वर्षांनी, आणि तिथे वाद 'देव की साधा माणूस' असा नव्हताच. अलेक्झांड्रियाचा पाद्री आरियस म्हणत होता, पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही निर्माण केलेला. सभेने म्हटले, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकसत्त्व.

आणि कॉन्स्टंटाईन? तोच पुढे आरियसच्या लोकांकडे झुकला. नायसियाचा कट्टर पाठीराखा अथनासियस, त्याला ३३५ साली ह्याच बादशहाने ट्रियरला हद्दपार केले. ३३७ साली बादशहाने मरणशय्येवर बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) घेतला तोही आरियसची बाजू घेणाऱ्या निकोमेडियाच्या युसेबियसकडून. सत्तेचा हात नव्हता असे मी म्हणत नाही. ३८० साली थिओडोसियसने त्रैक्याच्या बाजूने हुकूमच काढला. पण तो बादशहा दुसरा, काळही दुसरा.

राहिले तीन देव. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, तिथे उकडलेल्या चण्यांची वाट बघता बघता जरा कान द्या. लॅटिनमध्ये गातात तेव्हा सुरुवातीलाच येते, 'सांक्ता त्रिनितास, उनुस देउस'. पवित्र त्रैक्य, एक देव. शेजारीण कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावत कोंकणीत म्हणते, 'बापाच्या, पुताच्या आनी पवित्र आत्म्याच्या नांवान'. नावे तीन घेतली, तरी 'नांवान' एकवचनी. मत्तयाच्या २८व्या अध्यायातल्या मूळ ग्रीकमध्येही 'नाव' एकच आहे.

त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामे वाटलेली. इथे वाटणी नाही, सृष्टी तिघांची मिळून. घोटाळा थोडा आपल्या मराठीचाही आहे: 'तीन व्यक्ती' म्हटले की डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात. मग कुणीतरी समजावायला पाणी, बर्फ, वाफ काढतो. ते ख्रिस्ती धर्मपंडितांनाही चालत नाही. एकच देव आळीपाळीने तीन रूपे घेतो, हे सबेलियसचे मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारले. बर्फ आपला उराकातच, काजूच्या दारूतच बरा.