मॉडेल व्हायचंय? मग मासिकाला फोटो पाठवाच!

तर मुलींनो (आणि मुलांनो, तुम्ही कुठं मागे असता), मासिकाच्या कव्हरवर झळकायचंय ना? सोप्पंय. दोन पिढ्यांनी वापरून बघितलेली पद्धत आहे, शंका नको.

आधी महागडा फोटोग्राफर गाठा. घरी क्लासची फी म्हणून सांगा.

फोटोच्या मागे नाव, पत्ता, उंची, वजन सगळं लिहा आणि बॉलपेन चांगलं दाबून लिहा, म्हणजे पिनकोड पुढून गालावर उमटतो.

स्वतःचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडायचाच. परत यायला नाही हो, शिस्त म्हणून.

आता मुख्य गोष्ट, ट्रान्सपरन्सी. मोबाइलवर वाढलेल्यांना सांगते, रंगीत कव्हरसाठी पूर्वी हीच, म्हणजे पारदर्शक फिल्मवरची रंगीत स्लाइड मागायचे. तिला निगेटिव्ह नसते, कॅमेऱ्यातली फिल्म धुतली की तीच ओरिजिनल, ती हरवली की तुमचा तो फोटो जगातून गेला. अशी एकुलती एक वस्तू तुम्ही बिनधास्त पोस्टात टाका. मग दोन महिन्यांनी फोन करा, "अंक छपाईला गेलाय". परत करा, "आर्टिस्टकडे आहे". आर्टिस्टला विचारा, तो म्हणणार प्रोसेसवाल्याकडे. प्रत्यक्ष गेलात तर समोरचे काका चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार दिवाळीनंतर या, आता कामं आहेत, आणि दिवाळीनंतर गेलात तर कोण तुम्ही. अहो, रद्दड कथा पाठवणाऱ्यालासुद्धा 'साभार परत'ची चिठ्ठी यायची! फोटोवालीला तेवढंही नाही. आणि चुकून छापलाच तर आत बारीक अक्षरात 'छाया: अमुक तमुक', म्हणजे फोटोग्राफरचं नाव. जिचा चेहरा बघून लोकांनी अंक उचलला तिचं नाव नाही आणि मानधन हा शब्द तर काढायचाच नाही, कव्हरवर आलीस हेच मानधन. त्यापेक्षा चित्रकार दलाल-मुळगावकरांचा काळ बरा, कव्हरवरची बाई कुंचल्यातून यायची, तिला पोस्टेज पडत नव्हतं.

कुणी म्हणालं यातून काही होत नाही, तर लगेच राजेश खन्नाचं नाव घ्या. 1965, फिल्मफेअर आणि युनायटेड प्रोड्यूसर्सची स्पर्धा, त्यातून तो आला, फरीदा जलाल आली. बाकी ज्यांनी ज्यांनी फोटो पाठवले त्यांचं काय झालं हे विचारायचं नसतं.

आता काळ बदललाय बरं का. आता फोटो हरवत नाही. आमच्या भाचीने यंदा एका मासिकाच्या 'कव्हर फेस' स्पर्धेला पाठवले. एन्ट्री फी भरली, लाइक्ससाठी सगळ्या नातेवाइकांना मेसेज करून झाले, मग तीन महिने चिडीचूप. परवा अंक आला. कव्हरवर स्पॉन्सरची मुलगी. आणि आमची कुठं? आत, फेसक्रीमच्या जाहिरातीत. दोन फोटो शेजारी शेजारी, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी' म्हणजे आमची! मुद्दाम काळवंडवून!!

फोन केला तर म्हणतात, मॅडम, फॉर्मवर लिहिलंय की पाठवलेल्या फोटोंचे हक्क आमचे. हो, लिहिलंय. पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरात.

पुरे झाली थट्टा. संपादक महाशय, लाज वाटत नाही? स्वतःच्या पैशाने काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, 1957 च्या कायद्यात कलम 17 मध्ये आहे, तुम्हाला माहितीये, म्हणूनच ती ओळ फॉर्मवर घुसडता. एकोणीस वर्षांच्या पोरीकडून फी घ्यायची, तिचा चेहरा क्रीमवाल्याला विकायचा आणि वर तिलाच 'एक्सपोजर मिळालं' म्हणून ऐकवायचं? ती कॉलेजला जाईना झालीय. पुढच्या अंकात माफी छापा, तिच्या नावासकट नको, तुमच्या नावासकट. आणि क्रीमवाल्याने जे पैसे दिले ते तिला पाठवा. पत्ता फॉर्मवर आहे.