शाळेपुढचा चौक आणि आपली रांगोळी

सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक निघायच्या आधी त्या मार्गावरून एकदा चालून बघा. रस्ताभर रांगोळीच्या पायघड्या असतात. रस्ता तोच असतो, ज्यावरून एरवी टेम्पो आणि रिक्षा हॉर्न वाजवत सुटतात. पण त्या दिवशी मोटारसायकलवाला खाली उतरतो आणि रांगोळीच्या कडेकडेने गाडी ढकलत नेतो. ना पाटी, ना शिट्टी, ना दंड. खाली कुणीतरी गुडघ्यावर बसून काहीतरी काढलंय एवढं दिसलं की आपल्या सोलापूरकराचा पाय आपोआप थांबतो. मी लहानपणापासून हे बघत आलोय.

आमच्या भागात वर्षभर एक वाद चालू आहे. शाळेपुढच्या चौकात रस्त्यावर चित्र काढावं की नाही? मी काढावं म्हणणाऱ्यांतला आहे. का, ते आज सविस्तर लिहितो.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. वडील जॅकार्डच्या चादरींची कार्डं पंच करायचे, म्हणजे मागावर नक्षी उमटवणारी भोकांची कार्डं. घरात ग्राफचे मोठे कागद पसरलेले असायचे आणि एकेक चौकट भरत भरत त्यावर मोर उभा राहायचा. आमच्या गल्लीतल्या तेलुगू घरांतल्या बायका रोज पहाटे दारात सडा टाकून ठिपके मांडतात, मुग्गु म्हणजे त्यांची रांगोळी घालतात. हातात चौकट आणि ठिपका मुरलेली ही माणसं आहेत. त्यांना चौक रंगवायला बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही.

आता चौकाबद्दल. चार रस्ते एकत्र येतात आणि मधे भलीमोठी मोकळी जागा सुटते. वळण इतकं रुंद की गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवावाच लागत नाही. सकाळी सव्वासातला पोरं येतात. त्याच सुमारास बायका तयार बिड्या पिशवीत घालून कंपनीत द्यायला निघतात आणि सुताच्या गाठोड्यांनी भरलेले टेम्पोही तेव्हाच सुटतात. झेब्राचे पट्टे आहेत, पण कुणी बोट दाखवलं तरच दिसतात. पोरं एकमेकांचा हात धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत येतात आणि तिथे अडकतात. ना पुढे, ना मागे. पाठीवर दप्तर, समोर टेम्पो. हे दृश्य मी रोज गेटातून बघतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही चौक रंगवला. आठवी-नववीची मुलं, त्यांचे पालक, गल्लीतल्या बायका. दोरीला गेरू लावून सूत मारलं, ग्राफवरचा मोर दहापट मोठा करून डांबरावर उतरवला. सत्तरीच्या एका आज्जींनी चारही कोपऱ्यांत ठिपक्यांची रांगोळी मांडली. एकही ठिपका पुसून परत काढावा लागला नाही. दुपारपर्यंत अख्खी गल्ली रस्त्यावर होती. ज्या दोन घरांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनी एका डब्यातून रंग घेतला.

पुढचं सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पूर्ण होत नाही. रंग एका दुकानदाराने प्रेमाने दिला होता, पण तो दारं-खिडक्यांना लावतात तो ऑईलपेंट होता. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्याची काच झाली. एक कॉलेजचा मुलगा वळणावर घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मी त्याच्या घरी गेलो. आई काही बोलली नाही, पाणी दिलं. ते पाणी माझ्या घशाखाली उतरेना. दुसऱ्याच दिवशी मुलांना घेऊन आम्ही स्वतःच्या हाताने तो मोर खरवडून काढला.

तेव्हापासून ‘बघा, चित्रामुळे अपघात होतात’ असं ऐकवलं जातं. त्याच्या घसरण्याची जबाबदारी माझी आहे आणि ती मी कधीही झटकणार नाही. पण घसरला तो रंगाच्या जातीमुळे. रस्त्याचा रंग वेगळा असतो. त्यात बारीक क्वार्ट्‌झची वाळू मिसळतात किंवा ओल्या रंगावर पेरतात, म्हणजे टायरला पकड मिळते. पांढऱ्या पट्ट्यांसाठी थर्मोप्लास्टिक वितळवून ओततात आणि वर काचेचे मणी टाकतात, त्यामुळे रात्री हेडलाईटमध्ये पट्टा उजळतो. हे मला आधी माहीत असायला हवं होतं. आता आहे.

चित्राने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत १७ ठिकाणी रस्ता रंगवण्याआधीचे आणि नंतरचे अपघात तपासले गेले. २०२२ साली ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या तिथल्या संस्थेने तो अभ्यास प्रसिद्ध केला. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना होणारे अपघात ५० टक्क्यांनी कमी झाले, कुणी जखमी होण्याचे ३७ टक्क्यांनी. चालकांचं वागणं जिथे टिपलं, त्या ठिकाणी पायी माणसाला लगेच वाट देण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलं. १७ जागा म्हणजे फार नाहीत, आणि काही ठिकाणी चित्रासोबत कोपरेही पुढे आणून वळण आवळलेलं होतं. माझ्या मते खरी किल्ली त्या आवळण्यातच आहे. कोपरा रंगवून पुढे आणला, कडेला चार खांब उभे केले की गाडीला हळू वळावंच लागतं आणि पोराला ओलांडायचं अंतर कमी होतं. मुंबईत मालाडच्या मीठ चौकीला आधी रंग आणि तात्पुरते अडथळे लावून चौक असाच करून पाहिला होता. मोडतोड न करता, सिमेंट न ओतता करून बघता येतं. चुकलं तर पुसता येतं.

लोकांनी स्वतः चौक रंगवायची गोष्ट निघाली की अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचं नाव येतं. तिथल्या शेरेट स्ट्रीटवरच्या रहिवाशांनी १९९६च्या सुमारास आपला चौक रंगवला. शहराच्या प्रशासनाने आधी हरकत घेतली, नंतर त्यासाठी नियमच करून दिला: शेजाऱ्यांची संमती घ्या, अर्ज करा, मग रंगवा. रंग झिजतो, म्हणून लोक पुन्हा जमून तो नव्याने भरतात. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रांगोळीसुद्धा रोज पुसते म्हणूनच रोज सकाळी दार उघडून कुणीतरी बाहेर येतं ना!

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य केलाय. लंडनमध्ये २०२१ साली अपंगांच्या संघटनांनी रंगीबेरंगी क्रॉसिंगला विरोध केला. कमी दिसणाऱ्यांना, डिमेन्शियाच्या रुग्णांना, आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांना रस्ता कुठे ओलांडायचा ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या शेजारच्या काकांना मोतीबिंदू आहे. त्यांना मी विचारलं, तर म्हणाले, “सर, मला ते काळं-पांढरंच समजतं ओ. त्यावर फुलं नका काढू.” म्हणून झेब्रा पांढराच राहील. स्वच्छ, ठळक, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३५ मध्ये रस्त्यावरच्या खुणांचे जे नियम आहेत त्याप्रमाणे. चित्र चौकाच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि पुढे आणलेल्या कोपऱ्यांत. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांना चालकासाठी अर्थ असतो, म्हणून चित्रात तसल्या पट्ट्या ओढायच्या नाहीत.

त्रिमितीय झेब्रालाही माझा विरोध आहे. रस्त्यावर ठोकळे तरंगताहेत असा भास होतो, ते व्हिडिओत छान दिसतं. पण रोजच्या चालकाला तिसऱ्या दिवशी कळतं की खाली काही नाही. आणि नवा माणूस दचकून करकचून ब्रेक मारतो. पोराला वाचवायला चालकाला फसवायची काय गरज?

आणि परवानगी लेखी हवी. गेल्या वेळी आम्हाला तोंडी होकार मिळाला होता. अपघातानंतर तो होकार कुणाला आठवेना. अमेरिकेतच ऑर्लँडोला पल्स क्लबमधल्या गोळीबारात मेलेल्यांच्या स्मरणार्थ एक इंद्रधनुषी क्रॉसिंग होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने ते रात्रीतून पुसलं. लोकांनी जीव ओतलेली गोष्ट वरून आलेल्या एका आदेशाने जाते. कागद असला तर निदान कुणाला जाब विचारायचा ते तरी ठरतं.

आता सरळ विनंती. दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस पूर्ण थांबल्यावर, आम्ही पुन्हा चौक करणार आहोत. एप्रिल-मेमध्ये डांबर इतकं तापतं की त्यावर पोरांना बसवणं शक्य नाही. रस्त्याचाच रंग, वाळूसकट, वर्गणी काढून घेणार. अर्ज तयार आहे, त्यावर चारही रस्त्यांवरच्या घरांच्या आणि दुकानांच्या सह्या हव्यात. वाहतुकीची माहिती असलेले इंजिनिअर मित्र वळण किती आवळायचं ते सांगायला आले तर फार मदत होईल. टेम्पोवाल्यांनीही यावं, त्यांची गाडी वळायला किती जागा लागते ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

मनगट मोडलेला तो मुलगा परवा शाळेच्या गेटावर भेटला. हात बरा आहे. म्हणाला, “सर, यावेळी रंग सुकला की आधी पाणी ओतून मी गाडी घालून बघतो, मग बाकीच्यांना सोडा.” मी त्याचं नाव यादीत लिहून घेतलंय. आज्जींनी ठिपके मोजून ठेवलेत, एका कोपऱ्याला २१ बाय २१.