‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला सोडून द्या

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या बायकांना उद्देशून एक संदेश गोव्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय: ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जन्मभर काही उचलू नका, साखरेने गाठ वाढते, तेव्हा भात-फळं बंद, सोयाबीन विष, रोज हळदीची कॅप्सूल, झोपताना थोडी फेणी चालते.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या वाक्याने होतं. काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, ही भीती खरी. पण हात वापरलाच नाही तर खांदा आखडतो, स्नायू दुबळे होतात, आणि एखाद्या दिवशी भरलेली कळशी उचलली की सगळा ताण एकदम येतो. वजन हळूहळू वाढवत केलेल्या व्यायामाने सूज बळावत नाही, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. जखम भरली आणि फिजिओथेरपिस्टने होकार दिला, की अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करा. कोपरात हात 10 वेळा वाकवा, थांबा, पुन्हा 10. आठवड्यातून दोनदा पुरे. दोन-तीन खेपांत हात जड वाटला नाही, बांगडी घट्ट झाली नाही, तरच वजन थोडं वाढवा. चवथीच्या धावपळीत खंड पडला, तर आधीच्या वजनावर थेट जाऊ नका. कमी करून परत चढा. बहुतेकींचं इथेच चुकतं. बांगडे साफ करताना काटा लागला तर लगेच साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भात सोडून गाठ उपाशी मरत नाही. यकृत स्वतःच साखर तयार करतं. जपायचं ते वजन, कारण स्तनाच्या बऱ्याच गाठींना वाढवणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाळी गेल्यावर मुख्यतः चरबीत तयार होतं. उकड्या तांदळाचा भात मोजका घ्या, अर्धं ताट तांबडी भाजी, दुधी, भेंडीने भरा. फळं तर सोडूच नका.

सोयाबद्दलची भीती निराधार आहे. शांघायमधल्या 5,000 हून अधिक रुग्णांच्या पाहणीत सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं प्रमाण उलट कमी आढळलं. हे जेवणातल्या सोयाबीनबद्दल, अर्काच्या गोळ्यांबद्दल नव्हे.

फेणी काजूची असो वा माडाची, दारूने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. औषध म्हणून घोटभरही नको.

हुमणातली हळद खुशाल खा. कॅप्सूलचं तसं नाही: काळ्या मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचा, म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळीचा, रक्तातला प्रभावी अंश घटवू शकते, आणि टॅमॉक्सिफेन 5 ते 10 वर्षं घ्यायची असते. कॅप्सूल चालू असेल तर पुढच्या तपासणीला तिची डबी बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा.