गप्प बसणाऱ्याच्या तोंडी शब्द

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेरीस तो मागे घेतला गेला. मधल्या काळात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर भाषेपेक्षा जास्त खल झाला तो कोण बोललं नाही यावर. अमका नट गप्प का, तमके साहित्यिक कुठे आहेत, आणि मग ओघानेच ‘मस्कतवाले पण मूग गिळून बसलेत’, म्हणजे ओमानमध्ये नोकरी करणारे आम्ही. न बोलणारा एकतर भित्रा, नाहीतर आतून सामील. दुसऱ्या बाजूचं उत्तर तयारच होतं : मौनं सर्वार्थसाधनम्, प्रत्येकाने प्रत्येक गोष्टीवर बोललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मस्कतमध्ये माझा सगळा दिवस अरब सहकाऱ्यांत जातो. इथून ऐकताना मला दोन्ही पक्ष अर्धंच बोलतायत असं वाटत राहिलं.

अरब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्याने बोलणारा, हातवारे करणारा माणूस येतो. आमच्या ऑफिसातले इजिप्शियन तसे आहेतही. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपलं सुरू करतात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट ऐकतोय याची ती पावती. त्यांच्यातला एखादा गप्प झाला, तर समजावं बिनसलंय. ओमानी वडीलधाऱ्यांची तऱ्हा अगदी वेगळी. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, शिरलं की आधी ख्यालीखुशाली : तब्येत कशी, घरचे कसे, काय खबर. ही विचारपूस चांगली लांबते, सगळं ‘अल्हमदुलिल्लाह’वर, म्हणजे ‘देवाची कृपा’वर, येतं, आणि मग कुणीच काही बोलत नाही. खजूर फिरतो, हलवा फिरतो. घरातला एखादा तरुण डाव्या हातात दल्ला (कॉफीची किटली) आणि उजव्या हातात फिंजान (बिनकानाचा कप) घेऊन उभ्याने कहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओततो. कप छोटा, तळाशी दोन-तीन घोट. पुरे झालं की तो कप मनगटातून किंचित हलवून परत द्यायचा. ‘नको, नको, खरंच नको’, ‘अहो घ्या हो, एवढ्याने काय होतंय’ हा आपला आग्रहाचा सगळा प्रवेश एका हालचालीत उरकतो.

भारतातून नव्याने आलेल्या सेल्समनची इथेच पंचाईत होते. तो भाव सांगतो, समोरचे आजोबा जपमाळेचे मणी ओढत बसतात. दहा सेकंद जातात. याला वाटतं, महाग पडलं. तो स्वतःच पाच टक्के कमी करतो, आणि आजोबा अजून विचारच करत असतात.

या सवयीची पोच मजलिसपुरतीच नाही. १९७९ मध्ये इजिप्तने इस्रायलशी तह केला तेव्हा बहुतेक अरब देशांनी कैरोशी संबंध तोडले. ओमानने तोडले नाहीत. २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची कोंडी केली, त्यातही ओमान सामील झाला नाही. अमेरिका आणि इराण २०१३ च्या सुमारास गुपचूप भेटले तेही मस्कतमध्येच. बोभाटा न करणाऱ्याकडेच अशी भांडणं विश्वासाने आणली जातात.

पण अरबांकडे मौनाचं नुसतं कौतुक नाही, त्याचा कायदाही आहे. ओटोमन तुर्कांच्या काळात, १८६९ ते १८७६ दरम्यान, ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिचं ६७ वं कलम जुन्या फिक्हमधून, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रातून, आलेलं आहे : गप्प बसणाऱ्याच्या तोंडी शब्द घालता येत नाहीत, पण जिथे बोलणं गरजेचं होतं तिथे गप्प बसणं हे बोलणंच. अमिरातींनी १९८५ च्या दिवाणी कायद्यात हाच नियम घेतला. आमच्या ग्रुपवरच्या भांडणात एका पक्षाने यातला पहिला भाग धरला होता, दुसऱ्याने दुसरा. माझं मत विचाराल तर शालेय शिक्षणाची फाइल ज्याच्या टेबलावर आहे तो गप्प बसला की ते उत्तरच. मालिकेत काम करणाऱ्या नटाला मात्र त्याच मापाने मोजू नये.

हा कायदाही सगळीकडे गोड नाही. लग्नाच्या बाबतीत, आधी लग्न न झालेल्या मुलीचं मौन म्हणजेच तिची संमती, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. विधवा किंवा घटस्फोटितेने मात्र स्पष्ट बोलायला हवं. लाजणाऱ्या मुलीला सवलत म्हणून हे समर्थनीय वाटू शकतं. पण तिची लाज कुठली आणि धाक कुठला हे ठरवणारा तिचा बापच असतो. आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. कांदेपोह्यांच्या बैठकीत ‘मान खाली घातली, म्हणजे पसंत आहे’ हा निकाल आपल्याकडच्या किती बायकांच्या आयुष्यात लागला, हे आपल्याच आत्या-मावश्यांना विचारावं.

राहता राहिले मस्कतवाले. आखातात परक्या नोकरदाराने सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडायचं नसतं; व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. पगार थकला तरी मजूर महिनोन्‌महिने गप्प राहतो, आणि त्याला कुणी अरबी संयम म्हणत नाही. ही सवय इथे राहून अंगात मुरते आणि मग गावच्या ग्रुपवरही बोटं आखडतात, एवढं ग्रुपवाल्यांचं खरं आहे. मात्र निदान मतपेटीतून बोलावं म्हटलं, तर भारतात परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवलं तरी मत टाकायला पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. मतदानाच्या दिवशी विमानाचं तिकीट काढण्याइतकी रजा आणि पैसा असलेले इथे थोडेच.